अंगठा वर म्हणजे वर!

गुरुजींना अडचणीत टाकणारे प्रश्न वर्गात कोण विचारतं, ठाऊक आहे? पहिल्या रांगेतली हुशार मुलं? छे! ती बिचारी उत्तरं द्यायला बसलेली असतात. खरे प्रश्न येतात शेवटच्या रांगेतून, खिडकीशेजारून. आमच्या चौथीच्या वर्गात तिथं गणू बसायचा. (नाव बदललंय बरं का! नाहीतर हा अंक घेऊन तो गावभर हिंडेल.)

२०२२ सालची गोष्ट. परिसर अभ्यासाचा तास होता. मी फळ्यावर मासा काढला, त्याचे कल्ले दाखवले आणि सांगितलं, "मासा तोंडानं पाणी आत घेतो आणि कल्ल्यांवाटे बाहेर सोडतो. जाता जाता पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन कल्ल्यांतलं रक्त टिपून घेतं."

गणूचा हात वर. "गुरुजी, माणसाला पाण्यात श्वास घेता येतो का?"

"नुसता नाही येत. पाठीला हवेची टाकी बांधली तर येतो. त्याला स्कूबा डायव्हिंग म्हणतात. आपल्या मालवणला करतात की!"

"नाकातोंडात पाणी जात नाही?"

"नाही जात."

"तुम्ही केलंय?"

आता आली का पंचाईत! "मी नाही केलं," मी म्हणालो.

"मग जात नाही हे तुम्हांला कसं ठाऊक?"

सगळा वर्ग माझ्याकडं बघायला लागला. 'पुस्तकात वाचलंय' एवढं म्हणून सुटता आलं असतं. पण माझी जीभ ना, कधी कधी माझ्या आधी पळते. मी म्हणून गेलो, "दिवाळीच्या सुट्टीत जाणारच आहे. आल्यावर सांगतो." झालं! दुसऱ्या दिवशी गावातल्या पिठाच्या गिरणीत एका आजोबांनी मला विचारलं, "गुरुजी, समुद्राच्या तळाला जाणार म्हनं तुमी?"

आता तुम्हांला एक गुपित सांगतो. वर्गात ते कुणालाच माहीत नव्हतं. मला पोहता येत नाही. नुसतं येत नाही असं नाही, मला पाण्याची भीती वाटते. अंघोळीला डोक्यावरून तांब्या ओततानासुद्धा मी श्वास रोखून धरतो!

मी मूळचा माणदेशातला, सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यातला. माझ्या लहानपणी आमच्याकडं उन्हाळ्यात पाणी टँकरनं यायचं. नदी होती, पण बहुतेक वेळ वाळूचीच. पाणी ही वस्तू हंड्यात मोजायची, तिच्यात उडी मारायची असते हे मला पहिल्यांदा कळलं ते मामाच्या गावी. मामाचा मळा कृष्णाकाठी. तिथं भलीमोठी दगडी विहीर. मे महिन्यात सगळी पोरं तिच्यात धपाधप उड्या घ्यायची. नवशिक्याच्या पाठीला पांगाऱ्याचा ओंडका नाहीतर पत्र्याचा रिकामा डबा बांधायचे, की तो बुडत नाही. मी दहा वर्षांचा. काठावर बसून माझ्या डब्याची वाट बघत होतो. एवढ्यात माझा एक मोठा मामेभाऊ मागून आला आणि "डबा कशाला? ढकललं की आपसूक येतं!" म्हणून त्यानं मला ढकलून दिलं.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. हिरवं पाणी. नाकात मिरची गेल्यासारखी जळजळ. वर, खूप वर, ताटाएवढा उजेड. मी छातीत श्वास घट्ट कोंडून धरला होता आणि तो सुटला तर आपण संपलो, एवढंच कळत होतं. मग मामाचा हात माझ्या केसांत आला. वर काढल्यावर सगळे हसले. मामेभाऊ म्हणाला, "बघा, शिकला की नाही!"

शिकलो खरा. विहिरीपासून लांब राहायला शिकलो.

आणि गंमत बघा, मासे मात्र मला फार आवडायचे! सातवीत असताना आमची सहल मुंबईला गेली होती. मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवायला नेलं. १९५१ साली सुरू झालेलं ते मत्स्यालय. अंधाऱ्या वाटेच्या दोन्ही बाजूंना उजळलेल्या काचेच्या टाक्या आणि त्यांत रंगीबेरंगी मासे. मी एका काचेला नाक लावून उभा राहिलो. माझ्या श्वासानं काच धुरकटायची, मी बाहीनं पुसायचो, पुन्हा नाक लावायचो. शेवटी रखवालदार ओरडला, "ए पोरा, काच खराब करू नको!" वर्ग पुढं निघून गेला होता. माझ्या मनात त्या दिवशी एकच इच्छा आली, आपणही काचेच्या त्या बाजूला असतो तर! तिथं पाणी आहे, ही अडचण तेव्हा लक्षातच आली नाही.

तर दिवाळीच्या सुट्टीत मी, माझी बायको आणि आमची सात वर्षांची लेक, असे तिघं निघालो. आधी कोल्हापूर, मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून मालवण. एस.टी.त लेक झोपली, बायको झोपली. मी मात्र टक्क जागा!

सकाळी मालवणच्या किनाऱ्यावर आलो. समोर समुद्रात सिंधुदुर्ग किल्ला. शिवाजी महाराजांनी १६६४ साली कुरटे बेटावर याचं बांधकाम सुरू केलं. तटाच्या पायात शिसं ओतलं असं सांगतात. हे शिसं लक्षात ठेवा, पुढं येणार आहे.

तंबूवजा शेडमध्ये एक कागद भरून घेतला. दमा आहे का? कानाचं दुखणं? हृदयविकार? सर्दी? सर्दी असेल तर तो दिवस रद्द. का ते पुढं सांगतो. लेक लगेच म्हणाली, "मीपण येणार पाण्यात!" पण दहा वर्षांखालच्या मुलांना सहसा खाली नेत नाहीत. तिला होडीत बसून बघायची परवानगी मिळाली. म्हणजे आता माझी फजिती बघायला घरचा प्रेक्षकही हजर!

मग पोशाख. जाड रबरासारख्या कापडाचा अंगाला घट्ट बसणारा सूट. त्यात पाय घालताना सायकलच्या ट्यूबमध्ये पाय घालतोय असं वाटत होतं. दोन माणसांनी मला धरून पोत्यासारखं हलवून त्यात भरलं. त्यानंतर कमरेला पट्टा आणि पट्ट्यात वजनं. कसली? शिशाची! माणसाचं शरीर आणि तो सूट पाण्यात तरंगू पाहतात, म्हणून खाली जायला वजन लागतं. किल्ल्याच्या पायात शिसं आणि माझ्या कमरेलाही शिसं! फरक इतकाच, की किल्ला घाबरलेला नव्हता.

मला खाली नेणार होता एक पंचविशीतला तरुण. सगळे त्याला बाबू म्हणत. आजोबा रापणीला जायचे, वडील मासेमारी करतात, आणि हा माणसांना मासे दाखवतो. त्यानं मला विचारलं, "मास्तर, पेवूक येता?" पेवणं म्हणजे पोहणं.

"नाही येत," मी खाली बघून म्हणालो.

"मगे बरा झाला! पेवूक येता तेच जास्ती हातपाय मारतत."

होडी निघाली आणि बाबूनं सामान समजावून सांगायला सुरुवात केली. ते तुम्हांलाही सांगतो, कारण मला ते फार आवडलं. पाठीवरच्या टाकीत नुसता ऑक्सिजन असतो असं बऱ्याच जणांना वाटतं. मलाही वाटायचं. पण तीत असते आपली साधी हवाच, फक्त दाबून दाबून भरलेली. १२ लिटरच्या टाकीत २०० पट दाबानं भरली तर सुमारे २,४०० लिटर हवा मावते. टाकीपासून एक नळी तोंडापर्यंत येते. तिच्या टोकाला असतं रेग्युलेटर. त्याचा रबरी तुकडा दातांत धरायचा. आपण श्वास ओढला की झडप उघडते, थांबलो की बंद होते.

ही झडप कुणी बनवली ठाऊक आहे? १९४३ साली फ्रान्समध्ये जाक कुस्तो नावाचा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां नावाचा इंजिनियर या दोघांनी. महायुद्ध चालू होतं, पेट्रोल मिळत नव्हतं, म्हणून गान्यांनं मोटारी गॅसवर चालवण्यासाठी एक झडप तयार केली होती. तीच सुधारून त्यांनी माणसाच्या तोंडाला लावली!

तुमच्यातला एखादा गणू म्हणेल, "झडपबिडप कशाला? लांब नळी घ्यायची, एक टोक पाण्यावर, एक तोंडात." आमच्या गणूनं हे विचारलंच होतं. गोष्टींतले वीर कमळाचा देठ तोंडात धरून तळ्याच्या तळाशी तासन्‌तास लपतात ना, ते सगळं खोटं बरं का! पाण्याखाली दोन-अडीच फुटांवरच छातीवर पाण्याचा इतका भार येतो, की वरची हवा नळीतून ओढून घेणं छातीला जड जातं. आणखी खाली तर जमतच नाही. रेग्युलेटरची करामत हीच, की आजूबाजूच्या पाण्याचा दाब जितका, तितक्याच दाबाची हवा ते तोंडात देतं. म्हणून छाती सहज फुगते.

मग खुणा. पाण्याखाली बोलता येत नाही, सगळं हातानं. अंगठा आणि पहिलं बोट जोडून गोल केला, की 'ठीक आहे'. पंजा आडवा धरून डुगडुग हलवला, की 'काहीतरी गडबड आहे'. कानाकडं बोट दाखवलं, की 'कानाला त्रास होतोय'. अंगठा खाली म्हणजे 'खाली जाऊ'. अंगठा वर म्हणजे 'वर जाऊ'.

"आनि सगळ्यात मोठो नियम," बाबू म्हणाला, "श्वास कधीच रोखूचो नाय. घेत ऱ्हवाचो, सोडत ऱ्हवाचो."

याचं कारण आहे. खाली दाबातली हवा छातीत घेतली आणि ती कोंडून वर आलो, तर दाब कमी होईल तशी ती फुगते आणि फुप्फुसांना इजा करते. मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं? वर्गात तुम्हीही डोलावता!

होडी किल्ल्याच्या जवळ खडकांपाशी थांबली. तोंडावर चढवायचा काचेचा मास्क बाबूनं माझ्या हातात दिला आणि म्हणाला, "थुका काचेर."

"काय?"

"थुका! नि चोळा. मगे धुवा. काच धुरकटत नाय."

मत्स्यालयातला तो रखवालदार मला आठवला. आता इथं असता तर!

होडीला लावलेल्या शिडीवरून मी उतरलो. पाणी कमरेला, छातीला, गळ्याला. रेग्युलेटर दातांत. मास्कमध्ये नाकसुद्धा झाकलेलं असतं, त्यामुळं श्वास फक्त तोंडानं. बाबूनं गोल दाखवला, मीही दाखवला आणि तोंड पाण्यात घातलं.

पहिला श्वास आला! घर्रर्र असा आवाज करत चक्क पाण्याखाली श्वास आला. दुसरा आला. आणि तेवढ्यात मास्कच्या कडेतून थोडंसं पाणी आत झिरपलं. चमचाभर असेल, पण ते नाकाला लागलं. बस्स! मी मालवणात नव्हतोच, मी मामाच्या विहिरीत होतो. श्वास गच्च रोखला, हातपाय झाडले, रेग्युलेटर थुंकून टाकला आणि शिडीला मिठी मारली.

"वर येवा, वर येवा. काय एक जावक नाय," बाबू म्हणाला. त्यानं मला होडीत बसवलं, मास्क काढला, प्यायला पाणी दिलं. बस्स, एवढंच. 'घाबरता काय एवढे' नाही, 'इतकी लहान पोरं जातात' नाही. लेक मात्र म्हणाली, "बाबा, झालं एवढ्यात?"

थोड्या वेळानं बाबूनं विचारलं, "मास्तर, कधी बुडलेलास काय?"

मी विहिरीचं सांगितलं. बायकोसुद्धा ते पहिल्यांदाच ऐकत होती.

"तर मगे बरोबर," तो म्हणाला. "पाण्यात गेलो की श्वास धरूचो, ह्या त्या बावीन तुमका शिकवल्यान. हयसर उलटा आसा. आता असा करूया. खाली जावचाच नाय. शिडीक धरून दहा श्वास घेवया, मोजून. मगे तुमी म्हणशात तर खाली. नायतर फोटो काडून घराक!"

मी उन्हात बसून समुद्राकडं बघत राहिलो आणि मला भलतंच काहीतरी आठवायला लागलं. आमच्या वर्गात एक मुलगी आहे. तिला आपण सुमी म्हणू. मनात वाचते ते झरझर. गणितात तर माझी चूक काढते! पण वर्गासमोर उभं राहून वाच म्हटलं, की तिचा आवाजच नाहीसा होतो. ऑगस्टमध्ये एकदा मी हट्टाला पेटलो. "वाचल्याशिवाय खाली बसायचं नाही," असं म्हणालो. माझी समजूत अशी, की एकदा तोंड उघडलं की भीती मोडेल. ती दहा मिनिटं उभी होती. पुस्तक थरथरत होतं. मग डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर दोन दिवस शाळेत आली नाही, आणि तिच्या आईनं मला रस्त्यात नमस्कार केला नाही. मी मनात म्हणालो होतो, होईल सवय.

ढकललं की आपसूक येतं! मामेभावाचं वाक्य मी माझ्या तोंडानं म्हणालो होतो. तेही गुरुजी होऊन. होडीत बसून मला हे इतकं लख्ख दिसलं, की कानशिलं तापली. ऊन होतंच, पण उन्हानं नव्हे.

"चला," मी बाबूला म्हणालो. "दहा श्वास."

पुन्हा शिडी. पुन्हा थुंकी. एका हातानं शिडी धरली, बाबूनं माझा दुसरा हात धरला आणि तोंड पाण्यात. तो बोटं उघडत मोजत होता. एक. घर्रर्र, बुडबुड. दोन. घर्रर्र, बुडबुड. चौथ्याला पुन्हा थोडं पाणी नाकाशी आलं. छाती आवळली. बाबूनं स्वतःच्या तोंडापासून हात लांब नेत दाखवलं, सोड, श्वास सोड. मी सोडला. आणि गंमत म्हणजे, सोडल्यावर पुढचा आपोआप आला! सात, आठ, नऊ, दहा. अकरावा त्यानं मोजला नाही. त्यानं अंगठा खाली करून माझ्याकडं नुसतं बघितलं. मी शिडी सोडली.

आम्ही हळूहळू उतरू लागलो. पाच-सहा फुटांवरच कानांत दडे बसले आणि दुखायला लागलं. मी कानाकडं बोट दाखवलं. शिकवलेली युक्ती केली. मास्कवरून नाक चिमटीत धरायचं आणि नाकातून हलकेच हवा सोडल्यासारखं करायचं. कानांत टप् झालं आणि दुखणं गेलं! नाकातून कानाकडं जाणारी एक बारीक नळी असते, तिच्यातून हवा जाऊन पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दीत ही नळी चोंदते, म्हणून सर्दीवाल्यांना बंदी. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. आम्ही जाणार होतो जेमतेम वीस फूट, पण कानांना तेवढंही लगेच कळतं.

तळाशी पोचलो आणि मी मान वर केली. चित्रांत असतं तसं निळंशार काही नव्हतं हं! हिरवट उजेड, जरा गढूळ, पंधरा-वीस फुटांपलीकडं सगळं धूसर. पण त्या धुसरातून ते आले. पिवळट अंगावर काळे उभे पट्टे असलेले मासे, तळहाताएवढे. पाच, मग पंधरा, मग मोजणंच सोडलं. माझ्या मास्कसमोर येऊन एक जण असा थांबला, की जणू काचेला नाक लावून मलाच बघतोय. मत्स्यालयात आलाय तो आणि टाकीत मी!

तिथं शांतता असेल असं मला वाटलं होतं. कसली शांतता! स्वतःच्या बुडबुड्यांचा गडगडाट. आणि मी श्वास घेऊन क्षणभर थांबलो, की मागून एक बारीक तडतड, कढईत लाह्या फुटतात तशी. वर आल्यावर कळलं, की तिथं एक प्रकारची कोळंबी असते, ती नांगी फटकन मिटून हा आवाज करते. आवाज कुठून येतो ते मात्र कळत नाही, कारण पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगानं जातो, दोन्ही कानांना जवळजवळ एकदमच ऐकू येतो. माझ्या मनगटावरचा लाल दोरा तपकिरी दिसत होता. पाणी लाल रंग सगळ्यांत आधी गिळून टाकतं. आणि माझा हात! मास्कमधून वस्तू जवळ आणि तिसऱ्या हिश्शानं मोठ्या दिसतात, त्यामुळं तो भीमाचा वाटत होता.

मला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला, की तो बाबूला सांगितल्याशिवाय राहवेना. मी त्याच्याकडं वळलो आणि 'झकास!' म्हणून अंगठा वर केला.

झालं! बाबूनं मला धरलं आणि निघाला की वर! मला कळेना हे काय चाललंय. मी आणखी जोरानं अंगठा नाचवला, 'अरे छान आहे, छान!' तो आणखी तत्परतेनं मला वर न्यायला लागला. निम्म्या वाटेवर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी घाईघाईनं अंगठा उलटा केला, बोटांचा गोल केला, पुन्हा अंगठा उलटा. बाबूच्या मास्कमधून बुडबुड्यांचा लोट आला. पाण्याखाली हसलं की असं दिसतं!

पुन्हा खाली गेलो. एका मोठ्या गोल खडकापाशी त्यानं मला थांबवलं आणि बोट हलवून सांगितलं, हात लावायचा नाही. तो खडक नव्हताच. ते प्रवाळ होतं. टाचणीच्या डोक्याएवढे हजारो जीव एकमेकांना चिकटून राहतात आणि स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतात. या गोलसर जातीचं प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटर वाढतं. म्हणजे माझ्या मांडीएवढा तो गोळा वयानं माझ्याहूनही थोर असणार. कुणी एक पाय ठेवला, की तितक्या वर्षांची कमाई गेली. मालवणच्या या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तरी एक गोष्ट मला आवडली नाही, ती सांगतोच. मासे जवळ यावेत म्हणून काही जण पाण्यात पाव कुस्करतात. फोटो छान येतात म्हणे. आपल्याला कुणी रोज चॉकलेटच खायला घातलं तर जेवणाचं काय होईल?

पंधरा मिनिटं झाली असतील. बाबूनं अंगठा वर केला. या वेळी खरोखरच वर. श्वास सोडत, सोडत, सोडत.

संध्याकाळी किल्ल्यात गेलो. तिथं तीन विहिरी आहेत. दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी! दूधबावेच्या काठाशी मी बराच वेळ उभा राहिलो. आत वाकून बघितलं. लेकीनं माझा शर्ट मागून घट्ट धरून ठेवला होता.

शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी हजेरी घ्यायच्या आधीच गणू उभा. "गुरुजी, गेलं का नाकात पाणी?"

"गेलं. चमचाभर."

"म्हणजे तुम्ही सांगितलेलं चूक होतं!"

"चूक होतं."

वर्गाला काय आनंद झाला म्हणून सांगू! मग गणूनं नेमकं विचारलं, "तुम्ही घाबरलात का?"

मी सगळं सांगितलं. मामाची विहीर, शिडीला मारलेली मिठी, वर पळून आलो ते, लेक काय म्हणाली ते. अंगठ्याची गोष्ट सांगितली तेव्हा वर्ग हसून हसून आडवा झाला. सुमी हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. हसणं थांबल्यावर तिनं शेजारणीला ऐकू येईल एवढ्याच आवाजात काहीतरी विचारलं. शेजारणीनं ते मोठ्यानं सांगितलं, "गुरुजी, सुमी विचारतेय, मग परत कसे गेलात?"

"शिडी धरून," मी म्हणालो. "दहा श्वास मोजले."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सुमीजवळ गेलो आणि ऑगस्टमधल्या त्या दिवसाबद्दल तिची माफी मागितली. ती काहीच बोलली नाही. पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिली.

पण खुणा मात्र वर्गानं उचलल्या! कुणाला गणित कळलं नाही, की पंजा डुगडुग. पाणी प्यायला जायचंय, की अंगठा वर. मुख्याध्यापकांना वाटलं, मी मुलांना कसलंतरी नाटक शिकवतोय. सुमीचं आणि माझं ठरलं, की आधी तिनं माझ्या टेबलापाशी, वर्गाकडं पाठ करून, फक्त मलाच वाचून दाखवायचं. नको वाटलं की अंगठा वर करायचा, मी लगेच 'बस' म्हणायचं, का ते विचारायचं नाही. पहिल्या दिवशी दोन ओळींनंतर अंगठा वर आला. दुसऱ्या दिवशी दोनच. आठवड्याभरानं पाच. एक दिवस तर पुस्तक उघडायच्या आधीच अंगठा वर! म्हटलं, बस. संक्रांतीनंतर कधीतरी ती वाचता वाचता आपण होऊन वर्गाकडं वळली.

आणि फेब्रुवारीत एका सोमवारी ती आपल्या जागेवर उभी राहिली आणि तिनं धडा वाचायला घेतला. आवाज इतका बारीक, की मी दोन हातांवर असूनही कान देत होतो. वर्ग चिडीचूप. मी मनात म्हणत होतो, आता कुणी हसू नये, कुणी काही बोलू नये. एवढ्यात खिडकीपाशी हालचाल झाली. बघतो तर गणू! तोंडानं काही बोलला नाही तो. फक्त तिच्याकडं बघून आपल्या कानाकडं बोट दाखवत होता.

सुमी थांबली. तिनं गणूकडं बघितलं. मग नाक चिमटीत धरून, गाल फुगवून त्याला वेडावलं, आणि तीच ओळ पुन्हा, पहिल्या शब्दापासून, मोठ्यानं वाचली.